सहावं रीळ

मित्रांनो, मी एक जुनी ओबी आहे आणि मी फार खुनशी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारी गोड बोलून फसवते. किमोनोवर कमरेला गुंडाळून पाठीवर बांधतात, तो रुंद रेशमी पट्टा म्हणजे मी. माझ्या अंगावर जोडीने पोहणारी बदकं आहेत, लाटा आहेत, कासवाच्या पाठीची नक्षी आहे. बघणारे म्हणतात, काय सोज्वळ नक्षी! नक्षी असेल हो सोज्वळ. मी नाही.

माझा जन्म क्योतोच्या निशिजिनमधला. तिथे सकाळी आधी माग खडखडतात आणि मग कोंबडा आरवतो. मला तोयो नावाच्या बाईने विणलं. हिनोया नावाच्या पेढीसाठी ती ओबी विणायची. नवरा लवकर गेलेला, पदरात नात्सुए नावाची एक पोर. आमच्या विणीत धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. नक्षीतला एकेक रंग तेवढ्यापुरता भरायचा आणि नखाने ठोकून बसवायचा. त्यासाठी तोयो आपली नखं कानशीने घासून करवतीसारखी दातेरी ठेवायची. पोरीची वेणी घालताना त्या नखांत केस अडकायचे आणि नात्सुए किंचाळायची, "आई गं! नखं काढून ठेव की!"

"काढून ठेवली तर खाशील काय? धोंडे?" तोयो म्हणायची आणि वेणी आणखी घट्ट ओढायची.

हिनोयाच्या थोरल्या मालकीणबाईंचा एक नियम होता. ओबी विणून झाली की कांडीवर जी धाग्याची टोकं उरतात ती विणणारीची. वीतभर असोत की बोटभर. बाकीच्या बायका त्यांचे बाहुल्यांसाठी पट्टे करायच्या. तोयोने ती सगळी वर्षानुवर्षं डब्यात साठवली, सोनेरी, केशरी, शेवाळी, जांभळी. मग घरच्या मोडक्या मागावर टोकाला टोक जोडून, गाठी मारत, तिने मला विणायला घेतलं. नात्सुए शेजारी बसून रंग वेगळे करून द्यायची. माझ्या नर बदकाच्या पंखात एक केशरी दुसऱ्यासारखा नाही, तो त्यामुळे. लोक म्हणतात, काय छटा साधल्यात! छटा कसल्या, डब्यात जो हाताला लागला तो केशरी. पण दिसतो झकास, हे मान्य.

आता एक गोष्ट नीट ऐका. आमची वीण उलटी चालते. विणणारीच्या डोळ्यांसमोर मागची बाजू असते, पुढची बघायची तर मागाखाली आरसा धरावा लागतो. त्यामुळे सगळ्या गाठी माझ्या पाठीवर आल्या. पुढून हात फिरवाल तर लोणी, मागून फिरवाल तर राळ्याचे दाणे. तोयोला त्याची लाज नव्हती. ती म्हणायची, "पुढचं जगाला, मागचं आपल्याला."

मी नात्सुएच्या लग्नासाठी होते. म्हणून पाठीवर बांधतात त्या चौकोनी भागात बदकांची जोडी, एकमेकांना न सोडणारी. पोटावर मात्र तोयोने दोन वेगळ्या नक्ष्या विणल्या. कारण असं, की पोटावर गुंडाळताना मला लांबीत दुमडतात. एक अर्धं बाहेर दिसतं, दुसरं आत जातं. क्योतोच्या बायका एका बाजूने गुंडाळतात आणि तोक्योकडच्या दुसऱ्या बाजूने, त्यामुळे इथे जे बाहेर येतं ते तिथे आत जातं. क्योतोच्या अर्ध्यावर तोयोने कासवाच्या पाठीचे षटकोन विणले, दीर्घायुष्याचे. आणि दुसऱ्या अर्ध्यावर एक सुताचं रीळ. इवलंसं, धाग्याचं टोक लोंबतंय असं. ते तिचं चिन्ह होतं. आमच्याकडे घराण्याचं चिन्ह बापाकडून येतं, पण बायकांचं म्हणून एक निराळं असतं, ते आई लेकीला देते.

शेजारीण म्हणाली, "अगं, तिकडची बाजू कशाला सजवतेस? आत जायची ती. कोण बघणार आहे?"

"पोरीची जात, कुठे पडेल सांगता येतं का?" तोयो म्हणाली. "इथेच पडली तर कासव आहेच. पूर्वेला कुठे एकटी पडली तर आईचं रीळ पोटाशी असू दे."

मी मागावरून उतरले त्याच वर्षी थोरल्या मालकीणबाई वारल्या आणि हिनोयाच्या चाव्या त्यांच्या सुनेच्या हातात आल्या. तिचं नाव कानेयो. हे नाव तुम्ही लक्षात ठेवा. मी तर ठेवलंच आहे.

एका दुपारी ती गल्लीत मागांची पाहणी करायला आली. तोयोने मला नुकतंच उलगडून भिंतीवर टाकलं होतं. कानेयो दारातच थबकली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला तेव्हाच अंग चोरावंसं वाटलं.

"अगंबाई! ही कोणाची?"

"आमच्या नात्सुएची, मालकीणबाई. तिच्या लग्नात लागेल."

"या शेंबडीची? आणि एवढी जर कुठून आली म्हणे?"

"उरलेली टोकं आहेत. थोरल्या बाई म्हणायच्या ना, टोकं विणणारीची."

"थोरल्या बाई गेल्या. आता खरंखोटं विचारायला वर कोणाला पाठवू? तुला?"

तोयो हसली, बिचारी. तिला वाटलं थट्टा चाललीय. "विचारायचं कशाला? मागून बघा ना," असं म्हणून तिने मला उलटं करून कानेयोच्या हातात दिलं. कानेयोचा अंगठा माझ्या गाठींवरून फिरला, एकदा सावकाश आणि मग पुन्हा एकदा. तिने गाठी पाहिल्या, मित्रांनो. तिला सगळं कळलं. आणि तिला कळलंय हे मला तिच्या अंगठ्यातून कळलं. मग तिने मला झटकन गुंडाळलं, काखेत मारलं आणि दारात उभं राहून भोंगा लावला, "चोर! चोर आहे ही बया! आमची जर चोरून पोरीची ओबी विणलीय!"

तोयो अनवाणी तिच्या मागे धावली. "मालकीणबाई, तुम्ही आत्ता बघितल्यात गाठी! आत्ता बघितल्यात!" सगळी गल्ली दारात आली. पण त्या गल्लीतला प्रत्येक माग हिनोयाचा होता. कोणी खोकलं, कोणी पोराला हाक मारली, आणि एकेक दार लागलं. नात्सुए आईचा पदर धरावा तशी तिची बाही धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी काखेतून तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

घरी गेल्यावर कानेयोने पहिलं काम काय केलं असेल? माझ्या पाठीला अस्तर लावलं. घरात शिवणाऱ्या बायका होत्या, पण हे काम तिने कोणाला दिलं नाही. दार लावून स्वतः बसली आणि बारीक टाके घालून तिने माझ्या सगळ्या गाठी झाकून टाकल्या. मला तोंड होतं ते पाठीवरच होतं. ते तिने शिवून टाकलं. त्या प्रत्येक टाक्याला मी मनात म्हटलं, थांब बये, तुझे दिवस भरतील.

तोयोला निशिजिनमध्ये कोणी काम देईना. चोर विणकरणीला माग कोण देणार? ती पोरीला घेऊन पूर्वेला, किर्यू गावी गेली आणि तिथे यंत्रांवर राबली. एवढं मला पेटीत पडल्या पडल्या, मोलकरणींच्या बोलण्यातून कळलं. पुढचं कोणी बोललं नाही.

आणि कानेयो मला मिरवू लागली. "सासूबाईंची आहे," म्हणायची. "जाताना माझा हात धरून म्हणाल्या, ही तुलाच शोभेल." आणि डोळे टिपायची! मला तर वाटायचं, हिच्या बरगड्या मोडेपर्यंत आवळावं. पण ओबीच्या हातात काय असतं? जे होतं ते मी केलं. चांगली ओबी बांधताना रेशीम कुरकुरतं, तो आवाज ऐकून जाणत्या बायका माना डोलावतात. कानेयोच्या कमरेवर मी कधी कुरकुरले नाही. मुडद्यासारखी गप्प बसले. चहाच्या बैठकीत ती वाकली की मी सुटायला बघायचे. आणि एकदा तर मी असा हात दाखवला की अजून आठवलं की हसू येतं. आनंदाच्या कार्यात पाठीवरची घडी दुहेरी बांधतात, आनंदावर आनंद यावा म्हणून. मयताला एकेरी, दुःखावर दुःख येऊ नये म्हणून. एका बड्या घरच्या लग्नात मी वरची घडी हळूच खाली सोडली. झालं! बाई लग्नात मयताची ओबी बांधून मिरवतेय. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही ना! मागच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या आणि ती आपली हसतेय, वाकतेय. घरी आल्यावर कळलं तेव्हा तिने मला जमिनीवर आपटलं. मी मऊ आहे, मला काय होतंय?

पण हे सगळं पोरकट, मित्रांनो. चिमटे नुसते. तोयोला लोक चोर म्हणत होते आणि माझ्या पाठीवरचा पुरावा अस्तराखाली कुजत होता. मला तो उघडा करायचा होता, चारचौघांत आणि कानेयोसमोर.

लढाईच्या दिवसांत क्योतोतल्या बायकांनी किमोनो देऊन रताळी आणली. पेटीतले माझे शेजारी एकेक करून गेले. सारसांचा किमोनो गेला, तो फार तोऱ्यात असायचा. चेरी फुलायच्या आधीच नेसायचा तो चेरीच्या फुलांचा गेला, बर्फाने वाकलेल्या बांबूंचा गेला. मला कानेयोने ठेवलं. प्रेमाने नव्हे. मला बाहेर कोणाच्या हातात द्यायची तिची छाती नव्हती. कापराच्या वासात मी वर्षांमागून वर्षं पडून राहिले. उन्हाळ्यात बाकीचे कपडे वारा खायला बाहेर टांगायचे, मला नाही. माझ्या घडीवर पिवळा डाग पडला तो तेव्हाचा. अजून आहे.

लढाई संपली, माग पुन्हा खडखडू लागले. कानेयोची मुलगी तामाकी मोठी झाली, तोक्योला जाऊन एका मोठ्या दुकानात किमोनोच्या विभागात नोकरीला लागली आणि तिथे तिने आपलं लग्न आपणच जमवलं. मुलगा कोहेई नावाचा, बँकेत होता. पेटी उघडी होती तेव्हा मी ते भांडण ऐकलं.

"कुठला म्हणालीस? किर्यूचा?" कानेयो ओरडली. "यंत्रावर ओबी विणतात ते किर्यू? गजाने मोजून विकतात ते?"

"मी मुलाशी लग्न करतेय आई, गावाशी नाही."

"लोक काय म्हणतील! निशिजिनची हिनोया आणि विहीण किर्यूची! मी नाही हो जायची त्यांच्याकडे पाट-चौरंग घेऊन."

ती गेलीच नाही. देणंघेणं सगळं मध्यस्थांनी केलं. म्हणून लग्नाच्या दिवसापर्यंत दोन्ही विहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. लग्न तोक्योला ठरलं. मला पेटीतून काढलं. किर्यू हे नाव ऐकल्यापासून माझा धागा न् धागा ताठ झाला होता.

तोक्योच्या त्या कार्यालयात नेसवणाऱ्या बायका तिथल्याच होत्या. कानेयोचा खांदा धरलेला, हात मागे जाईना, म्हणून तिला त्यांतल्या एकीच्या हाती जावं लागलं. ती बाई लगबगीची आणि बडबडी. कानेयो आरशासमोर उभी राहून शेजारच्या खोलीतल्या मुलीवर ओरडत होती, "तामाकी, टोप सरळ कर! पांढऱ्यावर लाली सांडू नकोस!" आणि ही बाई मला गुंडाळत होती. तोक्योच्या रीतीने. उलट्या बाजूने. मी श्वास रोखला. कासव आत गेलं आणि रीळ बाहेर आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने उजेड पाहिला.

कानेयोने खाली बघितलं. "हे काय? हे दरिद्री रीळ काय बाहेर काढलंस? उलटं बांधलंस!"

"आमच्याकडे हेच सुलटं, बाईसाहेब."

"सोड आणि परत बांध!"

"आता कुठे सोडू? बोलावणं आलंय. आणि किती गोजिरं आहे ते. राहू द्या हो."

कानेयो चडफडली. पण रीळ म्हणजे काय हे तिला कुठे माहीत होतं? विणकरणीला स्वतःचं चिन्ह असतं हेच तिच्या गावी नव्हतं. ती तशीच निघाली, आणि तिच्या पोटावर बसून मी.

विधीच्या आधी दोन्हीकडची माणसं एका खोलीत समोरासमोर बसवतात. आमच्या बाजूला कानेयो, तिचा नवरा, आणि नवऱ्याची थोरली बहीण उमेनो. ही थोरल्या मालकीणबाईंची लेक, ओसाकाला दिलेली, ऐकू कमी आणि जीभ लांब. ती कानेयोची ओबी न्याहाळत होती.

"छान आहे गं. कुठून घेतलीस?"

कानेयोला क्षणभर विसर पडला की ही कोण आहे. सवयीने तोंडातून गेलं, "सासूबाईंची आहे."

"कोणाची?"

"सासूबाईंची!"

"आमच्या आईची? माझ्या आईच्या पेटीत मी कळायला लागल्यापासून डोकं घालत आलेय. त्यात ही नव्हती. रीळ तर नव्हतंच."

कानेयो काही बोलणार तेवढ्यात समोरचा दरवाजा सरकला आणि मुलाकडची माणसं आत आली. पुढे कोहेईची आई, एक सडपातळ बाई, लग्नात आया नेसतात त्या काळ्या किमोनोत. छातीवर दोन पांढरी चिन्हं. रिळं! धाग्याचं टोक लोंबणारी. ती बसली, हात टेकले आणि खोल वाकली, तेव्हा मानेखालचं आणि बाह्यांवरचीही दिसली. अशा किमोनोवर असतात ती पाचही. किर्यूला बायका सासरचं चिन्ह घालतात. हिने आईचं घातलं होतं.

ती वर उठली आणि तिची नजर समोरच्या विहिणीच्या पोटावर आली. माझ्यावर. नात्सुएचे केस पिकायला लागले होते, पण डोळे तेच होते, आईची बाही धरलेले. मी ओरडले असते हो! पण पाठ शिवलेली.

आणि ती ओठ घट्ट मिटून बसली. मला भयंकर राग आला. अगं बोल ना! इतकी वर्षं मी कापूर खात पडलेय ती कशासाठी? नंतर कळलं की हिनोयाचं नाव ऐकल्याच दिवशी तिला सगळं उमगलं होतं आणि मुलाच्या सुखासाठी तिने ते गिळलं होतं.

पण उमेनोच्या जिभेला कोण आवरणार? तिने एकदा नात्सुएकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं कानेयो, या बाईंचं चिन्ह तुझ्या पोटावर कसं काय आलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. पाच रिळं तिकडे, सहावं इकडे.

"योगायोग असेल, वन्सं."

"चिन्हाचा कसला योगायोग? आईचं म्हणालीस ना मघाशी?"

कानेयोच्या पोटाला घाम फुटला, तो मला लागला. ती चिडली. आणि ती चिडली की तिची अक्कल जाते. "बरं, ऐकायचंच आहे ना? एक विणकरीण होती, तोयो नावाची. चोर होती. आमची जर चोरून तिने ही विणली. मी जप्त केली. झालं समाधान?"

नात्सुएने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि अगदी हळू म्हणाली, "ती माझी आई."



"आईने टोकं जोडून विणलीय ही," नात्सुए म्हणाली. "मी शेजारी बसून टोकं निवडून द्यायचे. शेवटपर्यंत ती एकच म्हणत होती, मागून बघा म्हणावं. मागून बघा. कोणी बघितलंच नाही."

"मागे अस्तर आहे," कानेयो म्हणाली.

"कात्री आणा."

हे कोण बोललं असं वाटून सगळ्यांनी मान वळवली. दारात तामाकी उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, नवरी. मित्रांनो, आमच्याकडे लग्नात 'कापणं' हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत. आणि नवरी कात्री मागत होती.

"अगं, शुभ बोल गं!" उमेनोने कपाळाला हात लावला.

"आत्या, मला या घरात सून म्हणून जायचंय. माझी आई त्यांच्या आईला चोर म्हणणार आणि मी त्यांच्या हातचं जेवणार? आधी बघू द्या. कात्री!"

नेसवणाऱ्या बाईने कमरेतली चिमुकली कात्री काढून दिली आणि वर स्वतःच मला कानेयोच्या अंगावरून सोडू लागली. कानेयो दोन्ही हातांनी मला धरायला गेली, पण मी रेशमाची आहे. सुळकन निसटले. उमेनोच्या मांडीवर मला पालथं घातलं आणि तामाकीने आईचे टाके एकेक करून उसवले. काय सांगू तुम्हाला! प्रत्येक टाका तुटताना मला असं बरं वाटत होतं. शेवटी अस्तर बाजूला झालं आणि माझ्या पाठीला वारा लागला.

गाठी. या काठापासून त्या काठापर्यंत गाठी. त्या खोलीतली आमच्या बाजूची सगळी माणसं निशिजिनची, त्यांना कोणी काही समजावायची गरज नव्हती. उमेनोने आपला सुरकुतलेला तळवा माझ्या पाठीवरून फिरवला. मग तिने कानेयोकडे पाहिलं.

"अख्खं रीळ चोरणारी बाई गाठी कशाला मारत बसेल गं?" ती म्हणाली. "आणि टोकं विणणारीची, हा माझ्या आईचा नियम होता. हे टाके मात्र तुझे आहेत. ओळखते मी."

कानेयोचा नवरा चटईकडे बघत बसला. कानेयो खोलीच्या मध्यात, लग्नाच्या काळ्या किमोनोत, ओबीशिवाय उभी होती. पुढचा भाग सुटू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता. मी पोटभर बघून घेतलं. अजूनही मन भरलेलं नाही.

वेळ झाली होती. ओबीशिवाय बाई विधीला जाऊ शकत नाही. नेसवणाऱ्या बाईने कार्यालयाची भाड्याची ओबी आणून कानेयोला बांधली. चकचकीत, सारसांची, यंत्रावरची. "घाबरू नका बाईसाहेब, टिकाऊ आहे," ती बाई म्हणाली. "किर्यूची आहे." मी खोटं सांगत नाही. शंभर लग्नांत वापरलेली ती किर्यूची ओबी बांधून हिनोयाची मालकीण आपल्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात बसली.

आणि मी नात्सुएच्या कमरेला. "कुठल्या बाजूने बांधू?" त्या बाईने विचारलं. "रीळ बाहेर येईल तसं," नात्सुए म्हणाली. पाच तिच्या अंगावर आणि सहावं पोटाशी, तोयोने ठेवलं होतं तिथेच. मला आवळलं तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा कुरकुरले. इतक्या जोरात की नात्सुए रडता रडता हसली. निघताना तिने कानेयोला एवढंच म्हटलं, "चला विहीणबाई, मुलं खोळंबलीत. झालं ते झालं."

झालं ते झालं? ती माणूस आहे, तिला असं म्हणता येतं. मी म्हटलं, नाही झालं. चोर हा शब्द कानेयोच्या तोंडून गल्लीभर गेला होता. तो तिच्याच तोंडून परत यायला हवा होता.

तो यायला आणखी काही वर्षं लागली. नात्सुएने मला अस्तर पुन्हा लावलंच नाही. दर उन्हाळ्यात, आमच्याकडे कडक उन्हाच्या आधी येणारे पावसाळी दिवस सरले की ती मला सावलीत दोरीवर टाकते, पाठ बाहेर करून. आता कानेयो म्हातारी आहे, लेकीकडे, म्हणजे नात्सुएच्याच घरी येऊन राहते. एका वर्षी तिची नात माकिए माझ्याखाली खेळत होती. तिने बोट वर करून गाठी चाचपल्या.

"आजी, या एवढ्या गाठी कोणी मारल्या?"

"होती एक विणकरीण."

"नाव काय तिचं?"

आत नात्सुए कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. कानेयोने एकदा आत तिच्याकडे पाहिलं.

"तोयो-सान," कानेयो मानाचं 'सान' लावून म्हणाली. "तुझ्या त्या आजीची आई."

"मग मागे कापड का नाही? बाकीच्यांना आहे."

"होतं. मी लावलं होतं."

"का?"

"गाठी दिसू नयेत म्हणून."

"का दिसू नयेत?"

"मी तिला चोर म्हटलं होतं ना," म्हातारी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला. "ती नव्हती. मला माहीत होतं."

मित्रांनो, पोरांचं कसं असतं तुम्हाला ठाऊक आहे. एकच गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायची असते. मला दोरीवर टाकलं की माकिए आजीचा हात धरून आणते आणि पहिल्यापासून सगळं विचारते, आणि कानेयोला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. मी वाऱ्यावर हलत ऐकत असते.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. आपल्या वस्तू जपा, त्यांना कापूर द्या, वारा द्या. पण कधी दुसऱ्याची वस्तू हिसकावून घरात आणलीत, तर तिला याहून जास्त जपा आणि रोज तिच्या पाया पडा. आम्हाला जीभ नसते हे खरं. पण आम्हाला घाईही नसते.